सीमा कोणाच्या संख्येनुसार?



बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात मोशेचे गीत आहे. परात्पराने राष्ट्रांना वतने वाटून दिली व त्यांच्या सीमा ठरवल्या, असे त्यात येते. कोणाच्या संख्येनुसार? प्रचलित हिब्रू पाठ सांगतो, इस्राएलाच्या पुत्रांच्या. पण जगाची वाटणी झाली तेव्हा इस्राएल जन्मला तरी होता का? मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत मिळालेल्या एका हस्तलिखितात त्या जागी ‘देवाचे पुत्र’ आहेत. मग अर्थ लागतो: एकेका राष्ट्राला एकेक देव, आणि याकोबाचे वंशज यहोवाच्या वाट्याला. परात्पर आणि यहोवा मुळात दोन होते की एकच, याविषयी पंडितांत वाद आहे. मला दोन वाटतात. मराठी भाषांतरात ‘परात्पर’ आणि ‘परमेश्वर’ असे शब्द आल्याने आपल्या कानांना तो फरक जाणवतच नाही.

सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामराजवळ १९२८ साली एका शेतकऱ्याच्या नांगराला थडग्याचा दगड लागला आणि पुढील उत्खननात उगारित हे नगर उजेडात आले. तिथल्या मातीच्या पाट्यांवर देवसभेचा वृद्ध प्रमुख एल आहे, त्याची पत्नी अथिरात आहे, तिचे सत्तर पुत्र आहेत. हिब्रूत ती अशेरा. सिनाईतील कुंतिल्लेत अजरूद येथे १९७५-७६ साली मिळालेल्या रांजणांवर यहोवा ‘आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिले आहेत. ही अशेरा देवी की पूजेचा लाकडी खांब, हाही वाद आहेच. पण योशिया राजाने यरुशलेमच्या मंदिरातून अशेरा बाहेर काढून जाळली, असे बायबलच सांगते. नसलेली वस्तू कोण बाहेर काढील?

खरी कसोटी इसवीसनपूर्व ५८६ मध्ये आली. बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले. राष्ट्राचा देव राष्ट्राबरोबर हरतो, हा त्या काळचा साधा हिशेब. त्या हिशेबाने यहोवा संपायला हवा होता. निर्वासितांतील काहींनी तो हिशेबच नाकारला: आमच्याच देवाने आम्हांला शिक्षा केली, बाबेल त्याच्या हातातले हत्यार, आणि बाकीचे देव नाहीतच. इतका मोठा दावा एवढ्या पराभूत लोकांनी करावा, याचे मला अजून नवल वाटते.

त्यानंतर कुठल्यातरी लेखनिकाला ‘देवाचे पुत्र’ खटकले असावेत. त्याने शब्द बदलला. ब्याऐंशीवे स्तोत्र मात्र तसेच राहिले. त्यात देव अजून देवांच्या सभेत उभा आहे आणि इतर देवांना मर्त्य माणसांसारखे मरण फर्मावतो आहे.