घरांतलें संगीत आणि यंत्रांची निवड

घरीं बसून संगीत ऐकण्याची हौस ही आज कांहीं मोजक्या धनिकांची मिरासदारी राहिलेली नाहीं. खिशांतल्या मोबाइलवर हजारों तासांचें गायन-वादन सहज मिळतें. परंतु हौस वाढली कीं तिच्याबरोबर असमाधानहि वाढतें. गवयाचा आवाज ऐकूं येतो, पण तंबोऱ्याचा खर्ज हरवतो; तबल्याची चाट कानाला टोंचते आणि डग्ग्याचा घुमारा कोठल्या कोठें विरून जातो. असा असमाधानी गृहस्थ बाजारांत गेला म्हणजे त्याच्यापुढें हेडफोन, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि सोन्याच्या मोलानें विकल्या जाणाऱ्या तारा यांची रांग उभी राहते. प्रत्येक विक्रेता आपलीच वस्तु घेण्याचा आग्रह धरतो. गृहस्थाची मिळकत मात्र मर्यादित असते. तेव्हां पहिला रुपया कोठें खर्चावा, हाच खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं ध्वनीचा मार्ग ध्यानांत घेतला पाहिजे. मुद्रणांत सांठवलेले आंकडे प्रथम विद्युत्-लहरींत उतरतात. हें काम परिवर्तक करतो, ज्याला बाजारांत डॅक म्हणतात. त्या क्षीण लहरींना अ‍ॅम्प्लिफायर बळ देतो. पुढें स्पीकर अथवा हेडफोन त्या विजेचें हवेच्या कंपांत रूपांतर करतो, आणि स्पीकर असल्यास खोलीच्या भिंतींवर आपटत तो ध्वनि शेवटीं कानापर्यंत येतो. या सांखळींतली प्रत्येक कडी ध्वनीला थोडीफार इजा करते, पण सर्वांची इजा सारखी नसते. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्यें होणारी विकृति शेंकडा ०.१ हूनहि कमी असते. उलट मंद्र स्वर मोठ्यानें वाजवतांना स्पीकरमध्यें ती शेंकडा कित्येक भागांपर्यंत चढते. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेपैकीं शंभरांत सुमारें एक भाग, पुष्कळदां त्याहूनहि कमी, ध्वनि होऊन बाहेर पडतो. बाकीची सारी उष्णता होऊन जाते.

इतिहासहि हेंच सांगतो. १९२५ सालीं अमेरिकेंत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनीं हलत्या वेटोळ्याच्या स्पीकरची जी रचना प्रसिद्ध केली, तिचेंच तत्त्व आजचे बहुतेक स्पीकर पाळतात. अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट निराळी. १९२७ सालीं हॅरल्ड ब्लॅक यांना एक युक्ति सुचली: बाहेर पडणाऱ्या लहरीचा कांहीं अंश उलटा करून आंत परत द्यावयाचा, आणि यंत्राची चूक यंत्राकडूनच दुरुस्त करून घ्यावयाची. तिच्याच आधारें डी. टी. एन. विल्यम्सन यांनीं १९४७ सालीं ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकांत ज्या अ‍ॅम्प्लिफायरची रचना दिली, त्यानें १५ वॅट शक्ति देतांनाहि विकृति शेंकडा ०.१ च्या आंत ठेवली. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचें कोडें त्या काळींच बरेंचसें उलगडलें होतें. स्पीकर आणि खोली यांचें कोडें आजहि पुरतें उलगडलेलें नाहीं.

यांपैकीं खोलीकडे लक्ष देण्यास तर पैसाहि लागत नाहीं. चार मीटर लांबीच्या खोलींत सेकंदास सुमारें ४३ कंपनांचा स्वर भिंतीभिंतींमध्यें कोंडला जाऊन एके ठिकाणीं फुगतो आणि दुसऱ्या ठिकाणीं नाहींसा होतो. स्पीकर कोपऱ्यांत खोंचला म्हणजे डग्गा ढोलासारखा बोलूं लागतो. तोच हातभर पुढें ओढला कीं पुष्कळदां शहाण्यासारखा वागतो. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचें आसन यांचा समभुज त्रिकोण करावा, आणि बारीक स्वरांचा लहान स्पीकर कानाच्या उंचीला आणावा. शहरांतल्या घरांत फरशी गुळगुळीत आणि भिंती उघड्या असतात. तेथें सतरंजी अंथरली आणि पुस्तकांचें कपाट भिंतीशीं ठेवलें, तर शब्दांचा गोंगाट कमी होतो. मंद्र स्वरांना मात्र पडदे आणि सतरंज्या दाद देत नाहींत. तेथें जागा बदलणें हाच उपाय.

घर लहान, माणसें पुष्कळ आणि शेजार जवळचा असला, तर खोलीचा प्रश्न हेडफोन अजिबात टाळतो. अमेरिकेच्या आरमारासाठीं नॅथॅनियल बाल्डविन यांनीं १९१० सालीं जे हेडफोन बनवले, ते संदेश ऐकण्यापुरते होते. संगीतासाठीं दोन कानांना दोन स्वतंत्र ध्वनि देणारा हेडफोन जॉन कॉस यांनीं १९५८ सालीं बाजारांत आणला, आणि १९६८ सालीं जर्मनींतल्या सेनहायझर कंपनीनें मागून उघडा असणारा हेडफोन विक्रीस काढला. हे उघडे आणि बंद असे दोन प्रकार आजहि टिकून आहेत. उघड्यांत ध्वनि मोकळा वाटतो, परंतु पंख्याची घरघर आणि रस्त्याचा कोलाहल आंत शिरतो आणि शेजारीं बसलेल्यालाहि गाणें ऐकूं जातें. बंद प्रकारांत बाहेरचा गोंगाट अडतो, पण ध्वनि थोडा कोंडल्यासारखा होतो. शांत खोलींत एकट्यानें ऐकणाऱ्यानें उघडा घ्यावा. गजबजलेल्या घरांत बंदच बरा.

येथें किंमतीवरून गुण ठरवण्याचा मोह आवरला पाहिजे. येरून ब्रीबार्ट यांनीं २०१७ सालीं २८३ हेडफोनांच्या मोजमापांची तुलना प्रसिद्ध केली. हेडफोन निरनिराळ्या उंचीचे स्वर किती समतोलपणें देतो आणि त्याची किंमत काय, या दोहोंत कांहींहि संबंध आढळला नाहीं. महाग वस्तु वाईट असते, असा याचा अर्थ नव्हे. किंमतीची चिठ्ठी कानाची जागा घेऊं शकत नाहीं, एवढाच तो आहे. निवडीसाठीं कसोटी घरचीच आहे. काळी एकचा षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा, आणि त्याखालचा खर्ज सुमारें ६९ कंपनांचा. मोबाइलच्या अंगच्या चिमुकल्या स्पीकरला तो खर्ज काढतांच येत नाहीं. वरच्या उपस्वरांवरून मन त्याची भरपाई करतें. चांगल्या हेडफोनवर तोच खर्ज प्रत्यक्ष उमटतो, आणि तरीहि गवयाचा उच्चार झांकला जात नाहीं. परिचयाचें एकच मुद्रण घेऊन या दोन गोष्टी तपासाव्या.

हेडफोन घेतला म्हणजे त्याला निराळा अ‍ॅम्प्लिफायर हवा काय? याचें उत्तर हिशेबानें मिळतें. समजा, एका हेडफोनला १ मिलिवॅट शक्ति दिली असतां ९७ डेसिबल ध्वनि निघतो. संगीतांतल्या क्षणिक उसळ्यांसाठीं ११० डेसिबल धरले, तर सुमारें २० मिलिवॅट पुरतात. हेडफोनचा रोध ३२ ओहम असेल तर एवढ्यासाठीं ०.८ व्होल्ट लागतात. तोच रोध ३०० ओहम असेल तर सुमारें २.५ व्होल्ट. पुष्कळ मोबाइलांचें तारेचें तोंड साधारण १ व्होल्टच्या आसपास देतें. म्हणून पहिल्याला अ‍ॅम्प्लिफायर अनावश्यक आणि दुसऱ्याला उपयुक्त. बिनतारी हेडफोनमध्यें तर परिवर्तक आणि अ‍ॅम्प्लिफायर आंतच बसवलेले असतात. तेथें हा प्रश्नच उरत नाहीं. शक्तीच्या मोठमोठ्या आंकड्यांनींहि भुलूं नये. शक्ति दुप्पट केली तर ध्वनि अवघा ३ डेसिबलनें वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटण्यास शक्ति सुमारें दसपट लागते.

शक्तीपेक्षां एक बारीक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती जाहिरातींत क्वचितच असते. ती म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध. हेडफोनचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. ३२ ओहमचा म्हणून विकलेला हेडफोन मंद्र स्वरांच्या एखाद्या पट्ट्यांत १०० ओहमपर्यंत चढूं शकतो. अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध ३२ ओहम असेल, तर तेवढाच पट्टा सुमारें ३.६ डेसिबलनें फुगतो आणि डग्गा उगाच बोजड होतो. तोच रोध २ ओहम असेल, तर हा फुगवटा ०.४ डेसिबलच्याहि आंत राहतो. हेडफोनच्या रोधाचा अष्टमांश किंवा त्याहून कमी, हा व्यवहारांतला चांगला नियम होय. तेव्हां ध्वनि पुरेसा मोठा होत नसेल, शांत जागीं सूं-सूं ऐकूं येत असेल, किंवा ही रोधाची जोडी जुळत नसेल, तरच अ‍ॅम्प्लिफायर बदलावा.

परिवर्तक आणि तारा यांची पाळी त्यानंतरची. १९८२ सालीं आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतींत ध्वनीचे सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात. याहून सूक्ष्म मुद्रणें अधिक चांगलीं असें सांगितलें जातें. मेयर आणि मोरन यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सूक्ष्म मुद्रण सरळ ऐकवलें आणि तेंच डिस्कच्या पद्धतींतून गाळूनहि ऐकवलें. श्रोत्यांनीं ५५४ पैकीं २७६ वेळां बरोबर ओळखलें. नाणें उडवून सुद्धां एवढेंच यश आलें असतें. पुढें २०१६ सालीं जोशुआ राइस यांनीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२ हून किंचित् अधिक निघालें. फरक असलाच तर तो इतका अल्प आहे. तारांचा हिशेब तर त्याहून सोपा. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची साधी दुहेरी तार तीन मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढें हें प्रमाण शंभरांत एकाहूनहि कमी आहे.

तरीहि नवी वस्तु घरीं आणली कीं ती सरसच वाटते. याचीं कारणें दोन. एक तर दोन ध्वनींत जो किंचित् मोठा, तोच कानाला अधिक गोड लागतो. दुसरें, डोळा कानाला फितवतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं दाखवून दिलें कीं, स्पीकर दिसत असतांना श्रोते जो कौल देतात, तो पडद्याआड ठेवल्यावर बदलतो. म्हणून तुलना करावयाची तर दोहोंचा ध्वनि प्रथम मोजून सारखा करावा, आणि कोणतें यंत्र चालूं आहे हें घरांतल्या दुसऱ्या माणसानें न सांगतां ठरवावें. दहा-पंधरा वेळां ऐकूनहि फरक ओळखतां आला नाहीं, तर ते पैसे राखून ठेवावे.

मूळ मुद्रणाची मर्यादाहि विसरूं नये. १९०२ सालीं कलकत्त्यास फ्रेड गेसबर्ग यांनीं गौहरजान यांचें गायन मुद्रित केलें, तेव्हां मायक्रोफोन वापरांत नव्हता; कर्ण्यासमोर गावें लागे. विजेच्या साह्यानें मुद्रण १९२५ पासून सुरू झालें. त्यापूर्वींच्या तबकड्यांत मंद्र आणि अतितार स्वर शिरलेलेच नाहींत, आणि जें शिरलें नाहीं तें कोणताहि अ‍ॅम्प्लिफायर काढून देऊं शकत नाहीं.

आणि या सांखळीची शेवटची कडी विकत मिळत नाहीं. अंतःकर्णांतल्या ध्वनि टिपणाऱ्या केशपेशी एकदां नष्ट झाल्या म्हणजे माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें ठरवलेल्या मर्यादेप्रमाणें प्रौढानें आठवड्याला ४० तास ऐकावयाचें तर ध्वनि सरासरी ८० डेसिबलच्या वर जाऊं नये. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८९ ला अवघे ५. गोंगाटांत उघडा हेडफोन घालून गाणें वर चढवणारा तरुण ही शिल्लक न कळत उधळीत असतो. याच्या उलट, घरांतले वडीलधारे ‘गाण्याचे शब्द कळत नाहींत’ असें म्हणूं लागले, तर त्यांच्यासाठीं नवा स्पीकर आणण्यापूर्वीं कान तपासून घ्यावेत. दोष यंत्राचा नसून वयाचा असण्याचा संभव पुष्कळ असतो, आणि त्यावर उपायहि आहेत.

सारांश, शहाण्या गृहस्थानें प्रथम जागा नीट लावावी, मग चांगला स्पीकर किंवा हेडफोन घ्यावा. अ‍ॅम्प्लिफायर गरज दिसल्यास, परिवर्तक त्यामागून, आणि तारा साध्या पण धड असाव्या. इतकें झाल्यावर जे पैसे उरतील ते चांगल्या मुद्रणांवर किंवा जवळच्या सभागृहांतल्या मैफलीच्या तिकिटावर खर्चावे. खरा तंबोरा समोर बसून ऐकलेला असला, म्हणजे घरच्या यंत्रांतून तो कितपत खरा बोलतो हें ओळखण्यास दुसऱ्या कोणाला विचारावें लागत नाहीं.