बँजो आणि हस्तव्यवसायाची खोली
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी बँजो बनवतो म्हटलं की निम्मे जण विचारतात, "मिरवणुकीतला का रे?" तो नव्हे. तो बुलबुलतरंगाचा भाऊ. मी अमेरिकेत राहून बनवतो त्या बँजोला गोल लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं आणि लांब दांडी असते. डफाला सतारीची दांडी जोडली असं समजा.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी हे वाद्य तिकडे घडवलं, भोपळ्यावर कातडं ताणून. पुढे १८४०च्या सुमारास गोरे कलाकार तोंडाला काळं फासून, त्याच माणसांची टिंगल करत ते रंगमंचावर वाजवू लागले. पहिल्या कारागिरांची नावं बहुतेक हरवली. हात मात्र हाताला शिकवत राहिला, म्हणून वाद्य टिकलं.

माझ्याकडे दोन प्रकारचे वादक येतात. ॲपलाचियन डोंगरांतलं 'ओल्ड-टाइम' संगीत वाजवणाऱ्यांना पाच तारांचा, मागून उघडा बँजो लागतो. त्याची पाचवी तार आखूड असते. ती अंगठ्याने छेडतात आणि तंबोऱ्यासारखा एकच सूर मधूनमधून वाजत राहतो. आयरिश मंडळींना चार तारांचा, नखीने वाजवायचा बँजो हवा असतो. 'द डब्लिनर्स'च्या बार्नी मॅकेना यांच्यामुळे तो व्हायोलिनच्या एक सप्तक खाली लावायची पद्धत रुळली.

कडं करताना मेपलच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या आणि एकावर एक चिकटवायच्या. कातडं भिजवून बसवायचं आणि सावकाश वाळू द्यायचं. हवा दमट झाली की ते ढिलं पडतं, आवाज बसतो. तबलजींना हे वेगळं सांगायला नको!

लाकडाची शीर बघून रंधा चालवायचा, हे मी इंजिनिअरिंगला शिकलो नाही. आठवीत, हस्तव्यवसायाच्या खोलीत, सरांनी माझ्या हातावर हात ठेवून ते शिकवलं. ती खोली सध्या बंद असते असं कळलं. आपल्या बॅचच्या निधीतून संगणक जरूर घ्या, पण थोडी रक्कम त्या खोलीसाठी ठेवा. रंधे, पटाशा, करवती मी देतो. दर डिसेंबरात दोन आठवडे येऊन मुलांना शिकवायचीही माझी तयारी आहे. मुलांनी बँजोच करावा असं नाही, पाट केला तरी चालेल.

सर, पहिल्या दिवशी तुम्ही यायचं आहे.