उधारीचा नफा

कंपनीचा नफा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. दर तीन महिन्यांनी जाहीर होणारा आकडा खोटा असतो असे मला म्हणायचे नाही. हिशेब तपासनीसाची सही असते आणि बेरीज-वजाबाकी बरोबर असते. पण त्या आकड्यातला काही भाग कमावलेला असतो आणि काही भाग उद्याकडून उसना घेतलेला असतो. यातला कोणता किती, हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही. बोईंग या अमेरिकी विमान कंपनीचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

1997 मध्ये बोईंगने मॅक्डॉनेल डग्लस ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. कंपनी बोईंगची झाली, पण पुढच्या काळात कारभारावर वरचष्मा राहिला तो मॅक्डॉनेलकडून आलेल्या हिशेबी व्यवस्थापकांचा. 2001 मध्ये मुख्यालय सिएटलहून, म्हणजे कारखान्यांच्या शेजारून, शिकागोला गेले. त्या काळात व्यवस्थापनाने गुंतवलेल्या मालमत्तेवर किती टक्के परतावा मिळतो याच मापाने यश मोजायला सुरुवात केली. हे माप फसवे आहे, कारण ते सुधारण्याचे दोन मार्ग असतात. एक, नफा वाढवणे. दुसरा, मालमत्ताच कमी करणे. कारखाना विकून टाकला, काम बाहेर दिले, की परताव्याचा टक्का आपोआप चढतो, एकही विमान जास्त चांगले न बनवता. याच वाटेने 2005 मध्ये विचिटा येथील विमानाचे सांगाडे बनवणारा कारखाना सुमारे 90 कोटी डॉलर रोख घेऊन एका गुंतवणूक संस्थेच्या हवाली करण्यात आला. त्यातूनच स्पिरिट एअरोसिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली. धोका कोणाला कळला नव्हता असेही नाही. बोईंगमधल्याच हार्ट-स्मिथ या अभियंत्याने 2001 मध्ये कंपनीअंतर्गत परिषदेत निबंध वाचून बजावले होते की, काम बाहेर दिले की नफा पुरवठादाराकडे जातो आणि त्याच्या चुका निस्तरण्याचा खर्च मात्र आपल्याकडे उरतो. पुढे 787 ड्रीमलायनरचे बरेचसे काम बाहेर देण्यात आले, आणि ते विमान पहिल्या ग्राहकाच्या हाती पडायला ठरल्यापेक्षा तीन वर्षांहून अधिक उशीर झाला.

आता 737 मॅक्सकडे येऊ. 2011 मध्ये एअरबसच्या इंधन वाचवणाऱ्या नव्या विमानांकडे अमेरिकन एअरलाइन्ससारखा जुना गिऱ्हाईक वळला, तेव्हा बोईंगपुढे दोन रस्ते होते. अगदी नवे विमान घडवायचे, किंवा 1967 साली प्रथम उडालेल्या 737 लाच मोठी इंजिने लावायची. कंपनीने दुसरा रस्ता घेतला. मोठी इंजिने पंखाच्या पुढे आणि वर बसवावी लागली, त्यामुळे काही स्थितींत विमानाचे नाक वर जाण्याकडे कल वाढला. तो आवरण्यासाठी एमकॅस नावाची संगणकीय यंत्रणा घातली गेली. विमानाचा हवेशी होणारा कोन मोजणारे संवेदक दोन होते, पण ही यंत्रणा एका वेळी एकाचेच ऐकत असे. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. यामागे पैशाचे साधे गणित होते. वैमानिकांना सिम्युलेटरवर नवे प्रशिक्षण द्यावे लागले, तर साउथवेस्ट या मोठ्या ग्राहकाला दर विमानामागे दहा लाख डॉलर सूट द्यायचे बोईंगने कबूल केले होते. म्हणजे विमानात काही नवे आहे असे म्हणण्यालाच दंड होता. याच यंत्रणेने चुकीच्या इशाऱ्यावरून नाक खाली दाबल्याने ऑक्टोबर 2018 मध्ये लायन एअरचे आणि मार्च 2019 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे विमान कोसळले. मिळून 346 माणसे गेली.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, लायन एअरच्या देखभालीत ढिलाई होती, वैमानिकांच्या प्रतिसादातही उणिवा होत्या, मग सारे खापर नफ्यावर का? ढिलाई होती हे चौकशी अहवालातही आहे. पण देखभाल कधीतरी चुकणार, माणूस कधीतरी गोंधळणार, हे गृहीत धरूनच विमानाची रचना करायची असते. संकट येत नाही तोवर हा जादा बंदोबस्त निव्वळ खर्च दिसतो, म्हणून काटकसरीची कुऱ्हाड आधी त्याच्यावरच पडते. बेण्याचे धान्य दळून खाल्ले तर त्या वर्षी घरात भाकरीला कमी पडत नाही. खरे तर त्या वर्षी घर नेहमीपेक्षा सुखी दिसते.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्या लोकांचा आहे. ते म्हणतात, बाजार मूर्ख नाही; कंपनी उद्याचे खात असेल तर तिच्या शेअरचा भाव पडेल. इथे पुरावाच बोलतो. बोईंगच्या शेअरने तोवरचा उच्चांक, सुमारे 440 डॉलर, गाठला तो 1 मार्च 2019 रोजी. पहिला अपघात होऊन चार महिने झाले होते, दुसऱ्याला नऊ दिवस उरले होते. 2013 पासून सहा वर्षांत कंपनीने सुमारे 43 अब्ज डॉलर स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यावर घातले होते. अशा बायबॅकने शेअरची संख्या घटते आणि प्रत्येक शेअरमागचा नफा फुगतो. ज्या कंपनीला पैशाचा दुसरा उपयोगच नाही, तिने तो भागधारकांना परत देण्यात काही गैर नाही, हे मी मान्य करतो. पण इथे उपयोग होता. त्या रकमेत नवे विमान घडवून वर पैसे शिल्लक राहिले असते. झाले उलटेच. 2018 मध्ये तीनशे डॉलरच्या वरच्या भावाने शेअर घेणाऱ्या कंपनीला ऑक्टोबर 2024 मध्ये 143 डॉलरने नवे शेअर विकून भांडवल उभे करावे लागले. 2019 ते 2024 सलग सहा वर्षे तोटा झाला, एकूण 35 अब्ज डॉलरहून अधिक. स्पिरिट कंपनी परत घेण्याचा करारही 2024 मध्येच झाला, 4.7 अब्ज डॉलरच्या शेअरमूल्याने आणि कर्जाचा बोजा वेगळा. मधल्या काळात ती कंपनी वाढली होती, तेव्हा 2005 चा विक्रीचा आकडा आणि हा, असे दोन्ही एका तराजूत घालू नयेत. पण व्यवहाराची दिशा बोलकी आहे.

मग शेवटी बाजाराने शिक्षा केलीच की, असे कोणी म्हणेल. पण कोणाला? चढ्या भावाने शेअर विकून गेलेल्यांना नाही. 2019 अखेर पायउतार झालेले मुख्याधिकारी डेनिस म्युलेनबर्ग सुमारे सहा कोटी डॉलरचे शेअर आणि निवृत्तिलाभ घेऊन गेले. देणे फेडले ते मेलेल्यांच्या कुटुंबांनी, 2014 मध्ये जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन गमावलेल्या कामगारांनी, आणि थोडेफार आपणही. मुंबईच्या अकासा एअरने 2021 मध्ये 72 मॅक्स विमाने मागवली. ती वेळेवर मिळेनात, कारण जानेवारी 2024 मध्ये उडत्या मॅक्स विमानाच्या दाराच्या जागी बसवलेला भाग निखळल्यावर अमेरिकी नियामकांनी उत्पादनवाढीला लगाम घातला.

बोईंग दूर अमेरिकेत असली तरी भागधारक आज आपल्या घरात आहेत. महिन्याला एसआयपी भरणारा शिक्षक किंवा कारकून म्युच्युअल फंडामार्फत शेकडो कंपन्यांचा मालक असतो. कंपन्यांच्या ठरावांवर, अधिकाऱ्यांच्या पगाराच्या ठरावांसह, आपण काय मत दिले हे फंडांना सेबीच्या नियमाने जाहीर करावे लागते. ती माहिती फंडाच्या संकेतस्थळावर असते. यंदा परताव्याचा टक्का पाहाल, तेव्हा तेवढे एक पान उघडून वाचा, आणि न पटलेल्या मताचे कारण फंडाला लिहून विचारा.