वजनकाटा आणि चिनअपचा दांडा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘आरोग्य’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्यावर बोलायला मला उभे केले आहे, याचे माझ्या घरी फार हसू झाले. मी डिप्लोमावाला पी-वे इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. माझ्या पोटाकडे पाहून तुम्हालाही ते कळले असेलच. म्हणून माझ्याऐवजी माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो.

भाचा सातारा जिल्ह्यातला, पायदळात नाईक. दीड वर्षापूर्वी तो रजा संपवून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरला. मी घ्यायला गेलो होतो. काळी ट्रंक नेहमीचीच, पण गडी चांगलाच सुटला होता. दोन वर्षे मैदानी भागात, तीही कार्यालयीन ड्यूटी, लंगरचे जेवण आणि वर बडाखाने! उंची १७० सेंटिमीटर, वजन ७८ किलो. पलटणीच्या डॉक्टरांनी बजावले होते, की वार्षिक तपासणीपर्यंत ७२ च्या आत ये, नाहीतर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल. कॅटेगरी गेली की हवालदारकीची बढती अडणार. त्याच्या घरी दोन लहान मुले आणि बांधायला काढलेले घर. तेव्हा हे सहा किलो म्हणजे थट्टेचा विषय नव्हता.

पलटण निघाली होती लडाखला. मी म्हटले, “मग काय, डोंगर चढशील, आपोआप उतरेल.”

तो म्हणाला, “मामा, तिथंच तर गोची हाय. वरती वजन उतरतं, पण अंगातली रगबी जाते.”

हे मला तेव्हा पटले नाही. लेह साधारण साडेअकरा हजार फुटांवर. तिथे पोचल्यावर जवानाला लगेच पळू देत नाहीत. पहिल्या टप्प्यात सहा दिवस, त्यातले पहिले दोन नुसती विश्रांती. पुढे बारा हजारांच्या वर चार दिवस आणि पंधरा हजारांच्या वर आणखी चार. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. घाई केली तर फुप्फुसात पाणी भरते, आणि धडधाकट गड्यालाही ते सोडत नाही. १९६२ च्या युद्धात आपले जवान घाईघाईने उंचावर चढवावे लागले, तेव्हा हे फार महागात पडले. पुढे सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरील निरीक्षणे १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. ती जगभर वाचली गेली. आपल्या दिल्लीतच, तिमारपूरला, संरक्षण संशोधनाची ‘डिपास’ ही संस्था १९६२ पासून याच विषयावर काम करते. आपण तिच्यावरून बसने जातो, पाटीही वाचत नाही!

उंचावर भूकच मरते. शरीर मात्र थंडीशी आणि विरळ हवेशी झगडत जास्त जाळत असते. मग चरबीबरोबर स्नायूही झडतात. भाच्याने सुरुवातीला चूकच केली. भूक नाहीच, तर बरेच झाले म्हणून त्याने अर्धे ताट परत पाठवायला सुरुवात केली. तीन महिन्यांत पाच किलो गेले. फोनवर स्वारी खूष! खाली आल्यावर मात्र दांड्याला लटकला तर नऊ चिनअपच्या जागी चार. पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर पळायचे असते, त्यात तो धापा टाकत मागे राहिला. उस्ताद म्हणाला, “काटा खूष है, दांडा नाराज है.”

पुन्हा वर जायची पाळी आली, तेव्हा त्याने हिशेब बदलला. वर असताना वजन कमी करायचे नाही. अंडी, डाळ, सुका मेवा, चॉकलेट, जे मिळेल ते भूक नसली तरी वेळेवर खायचे, पाणी भरपूर प्यायचे आणि ताकद टिकवायची. चरबी उतरवायची ती खाली आल्यावर. तेव्हा पळणे, दंड-बैठका, रात्रीचा भात बंद आणि बडाखान्यात एकच ताट. घरून गेलेले तुपातले लाडू त्याने सगळ्या सेक्शनला वाटले. माझी बहीण त्यावरून आठ दिवस बोलली नाही. गेल्या महिन्यात तपासणी झाली. वजन ७१ किलो, चिनअप आठ.

आता माझे. मी रुळांची तपासणी करतो म्हणून सगळ्यांना वाटते, हा रोज मैलोगणिक चालतो. खरी गोष्ट अशी, की पुश ट्रॉली ढकलतात ट्रॅकमन आणि मी बसतो वर. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, असे आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. भाच्याने टेप धरली, भरली १०१. “मामा, तुमच्यावर तर कोण बढती रोखत नाय,” म्हणाला आणि हसला. मला हसू आले नाही. माझे वडील पन्नाशीतच हृदयविकाराने गेले, आणि मी आता सत्तेचाळीस.

जूनपासून तपासणीचा काही भाग ट्रॉलीवरून उतरून चालतो. ट्रॅकमन मंडळींना आधी वाटले, साहेबांचे काहीतरी बिनसले आहे. परवा कंबर मोजली, ९८. मोदक आज दोन खाल्ले, ते दोन्ही उकडीचे होते हे सौ. समोर बसल्या आहेत म्हणून सांगून ठेवतो. तिसरा ताटात आहे, तो भाच्याच्या नावाने कोणीतरी घ्या.

गणपती बाप्पा मोरया!