जेवणानंतर हात थरथरतात तेव्हा

खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात सकाळी पोहे आणि दोन कप गोड चहा घेऊन माणूस शेतात जातो. दोन-तीन तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, ऊन लागलं. तसं असेलही. पण दर वेळी गोड खाल्ल्यावरच असं होत असेल, तर रक्तातली साखर उतरत असावी.

गोड आणि पिठूळ खाण्याने साखर झपाट्याने चढते. तिला आवरायला काही जणांचं शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर दोन ते चार तासांत खाली येते. त्रास होत असतानाच रक्त तपासलं, तर नेमकं कळतं. पोटाच्या काही शस्त्रक्रियांनंतरही साखर अशी उतरते.

उपाय आपल्याच चुलीवर आहे. पोहे थोडे, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा मोड आलेली मटकी. जेवणात एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, अंबाडीची भाजी, ताक. भात कमी. दर तीन-चार तासांनी थोडं खावं. उपाशीपोटी गोड चहा मात्र नकोच. भाकरी अजिबात बंद करणं मला पटत नाही. कष्टाच्या शरीराला ती लागते.

चक्कर आलीच तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, मग शेंगदाणे खा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.