जिवंत देहातील मूलपेशींचा मागोवा
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने मूलपेशींवर बोलावे याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन उभे राहिले, तेथे शास्त्राचा विषय मायबोलीतून मांडण्यास संकोच कशाला? शिवाय या विषयाचे मर्म ग्रंथालयात वावरणाऱ्या माणसास चटकन उमगेल असे आहे.

स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, ही अद्याप कोणत्याही एका कामास न जुंपलेली पेशी होय. तिच्यापासून निरनिराळ्या कामांच्या पेशी घडू शकतात. म्हणूनच अर्धांगवायूने दुखावलेला मेंदू किंवा झटक्याने दुबळे झालेले हृदय तिच्या साहाय्याने सावरता येईल, अशी आशा निर्माण झाली. पण टोचलेल्या पेशी जातात कोठे? पूर्वी याचे उत्तर प्राणी मारूनच मिळे. आठव्या दिवशी एक उंदीर, पंधराव्या दिवशी दुसरा. मेंदूचे पातळ काप काढावयाचे, रंगवावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. परंतु पंधराव्या दिवसाचा उंदीर हा आठव्या दिवसाचा उंदीर नव्हे. एकाच प्राण्यातील पेशींचा सलग प्रवास कधी दिसतच नसे.

ही उणीव एम.आर.आय.मुळे भरून निघू लागली. या तंत्राचा पाया पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली घातला. पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. देहातील पाण्यात हायड्रोजन असतो. बलवान चुंबकाच्या क्षेत्रात त्याची केंद्रके रेडिओलहरींनी चाळवली की ती संदेश देतात व त्या संदेशांवरून चित्र तयार होते. मात्र त्या चित्रात टोचलेली पेशी मूळच्या पेशींहून वेगळी ओळखू येत नाही. म्हणून टोचण्यापूर्वीच तिच्या पोटात लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरतात. लोहामुळे भोवतालचे चुंबकक्षेत्र बिघडते, तेथील संदेश लवकर विरतो आणि चित्रात काळा ठिपका उमटतो. हा ठिपका पेशीहून कितीतरी मोठा असतो, म्हणून तर तो दिसतो! मूलपेशी हे कण सहसा आपणहून गिळत नाहीत. जेफ बुल्टे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली कणांना खास लेप देऊन ही अडचण सोडवली आणि उंदरांच्या मेंदूतील पेशींचा सहा आठवड्यांपर्यंत माग काढला.

पुढच्याच वर्षी जर्मनीतील कोलोन येथील माथियास होएन व सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी उंदरांच्या मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा रोखून तेथे इजा घडवली आणि दोन आठवड्यांनी खुणेच्या मूलपेशी मुद्दाम दुसऱ्या, निरोगी बाजूस टोचल्या. पुढील तीन आठवड्यांत त्या पेशी दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलावरून निघाल्या आणि इजेच्या सीमेवर मोठ्या संख्येने गोळा झाल्या. दुखापत कोठे आहे हे त्यांना जणू कोणी सांगितले होते. चित्राचा बारकावा होता ७८ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. जिवंत प्राण्यात हा प्रवास पाहावयास मिळणे ही मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

आता ते मर्म. आपल्या वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकावर शिक्का असतो. समजा, एखादे पुस्तक फाटून रद्दीत गेले आणि त्याच्या पानात वाण्याने शेंगदाणे बांधून दिले. पानावर शिक्का आहे. पण म्हणून पुस्तक शाबूत आहे काय? लोहाच्या खुणेचेही तसेच. टोचलेल्या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात आणि त्यांच्यातील लोह शरीराच्या भक्षकपेशी गिळतात. काळा ठिपका मात्र जागच्या जागी राहतो. उंदरांच्या हृदयांवरील एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन आठवड्यांनी टोचलेल्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, ठिपके कायम होते आणि लोह भक्षकपेशींच्या पोटात सापडले. उलट, जिवंत पेशी विभागत गेली की खूण वाटली जाऊन फिकी पडते. म्हणजे मेलेली दिसावी आणि वाढणारी दिसेनाशी व्हावी! त्यात साकळलेल्या रक्तातही लोह असते. तेही काळेच दिसते.

हा वाद केवळ प्रयोगशाळेतला नाही. घरात अर्धांगवायूचा रोगी असला की माणसे मूलपेशींच्या जाहिरातींकडे किती आशेने पाहतात, हे आपण जाणताच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांत होणारे अस्थिमज्जारोपणासारखे मान्य उपचार सोडले, तर मूलपेशींचा असा वापर संशोधनातच मोडतो. तेव्हा कोणी काळा ठिपका दाखवून ‘पेशी रुजल्या’ असे सांगू लागला, तर त्या जिवंत कशावरून, हे अवश्य विचारावे.

संशोधक याच प्रश्नामागे आहेत. लोह साठवणारे फेरिटिन नावाचे प्रथिन पेशीने स्वतःच जादा तयार करावे, यासाठी तिच्यात त्याचे जनुक घालण्याचे प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाले. ही खूण जिवंत पेशीच निर्माण करते आणि विभाजनानंतर लेकपेशींकडेही ती जाते. परंतु तिचा ठिपका बाहेरून भरलेल्या लोहाच्या मानाने बराच अंधुक असतो; आणि रोग्यास द्यावयाच्या पेशीचे जनुक केवळ खुणेसाठी बदलावे काय, हा प्रश्न उरतोच.