सतरंजीवर कोण कशी बसते

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं नीट लावून लिहिलं आहे.)



आपल्याकडं ट्रेनिंग निघालं की यादीत तीन नावं जातात. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. मी सहा वर्षं अध्यक्ष होते, त्यामुळं अशी ट्रेनिंगं मी भरपूर केली. बैठक कशी चालवायची, बँकेत कसं बोलायचं, भांडण कसं मिटवायचं, सगळं शिकले. पण माझ्या गटात आम्ही अकराजणी. तिघी पदावर, आठजणी सतरंजीवर. त्या आठजणींनी काय करायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवलं नाही. आज मी त्या आठजणींबद्दल बोलणार आहे. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकींबद्दल.

१९८८ साली अमेरिकेत रॉबर्ट केली नावाच्या प्राध्यापकांनी यावर एक लेख लिहिला. सगळे पुढाऱ्यांचाच अभ्यास करतात, मागं चालणाऱ्यांचा कुणी करत नाही, अशी त्यांची तक्रार. त्यांनी मागं चालणाऱ्यांना दोन प्रश्न लावले. हा माणूस स्वतःच्या डोक्यानं विचार करतो का? आणि न सांगता कामाला हात लावतो का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्यांनी पाच प्रकार केले. ते कंपन्यांतल्या नोकरदारांबद्दल लिहीत होते, पण मी ते ऐकलं तेव्हा मला आमची सतरंजीच दिसायला लागली.

पहिला प्रकार मेंढरांचा. विचारही नाही, पुढाकारही नाही. हे नाव मला आवडलं नाही, कारण आपल्याकडं गप्प बसणारी बाई बिनडोक असतेच असं नाही. तिची सासू त्याच गटात समोर बसलेली असते. किंवा तिच्यावर गटाचंच कर्ज थकलेलं असतं, तोंड उघडलं की कुणीतरी हप्त्याचं काढणार. किंवा दिवसभर कापूस वेचून ती रात्री आठच्या बैठकीला आलेली असते आणि भिंतीला टेकून झोपलेली असते. तिला मेंढरू म्हणण्याआधी बैठकीची वेळ बदलून बघा.

दुसरी होयबा. हिला काम सांगा, पळत करील. अध्यक्षांचा शब्द खाली पडू देणार नाही. प्रत्येक अध्यक्षाला ही फार आवडते. मलाही आवडायची.

तिसरी हुशार असते, पण फुगून बसलेली. सगळं कळतं, बैठकीत बोलत नाही, बोलते ती घरी जाताना पाणंदीत. ही मुळात अशी नसते, कधीतरी तिचा प्रश्न कुणीतरी उडवून लावलेला असतो. चौथी वारं बघून पाठ देणारी. कोण जिंकतंय ते कळेपर्यंत तिची मान ना होकारात हलते ना नकारात. पाचवी मात्र स्वतः विचार करते, पटलं तर मनापासून राबते आणि पटलं नाही तर तोंडावर सांगते.

आता माझी गोष्ट सांगते.

गटानं मसाला कांडपाचं मशीन घ्यायचं मी ठरवलं. ‘गटानं ठरवलं’ असं रजिस्टरला आहे, पण खरं सांगायचं तर मी ठरवलं. दुसऱ्या गावात बघून आले होते, डोक्यात बसलं होतं. बैठकीत मांडलं. होयबा म्हणाल्या, घेऊ. बाकीच्यांनी माना हलवल्या. एकटी एक सून, गटात नवीनच आलेली, म्हणाली, “अक्का, त्या मोटरीला थ्री फेज लागंल. आपल्या घरच्या लाईटीवर चालंल का?”

तिच्या माहेरी पिठाची गिरणी होती, म्हणून तिला माहीत. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “तू काल आली, आम्ही आठ वर्षं गट चालवतो.” सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. ठराव झाला, पानावर अकरा सह्या-अंगठे झाले, त्यात तिचीही सही आहे.

मशीन आलं, नारळ फुटला, फोटो निघाला. आणि मशीन माझ्या पडवीत आठ महिने उभं राहिलं. थ्री फेजचं कनेक्शन नव्हतं, अर्ज कुणी केलेला नव्हता, त्याला पैसे भरायला लागतात हेही आम्हाला माहीत नव्हतं. कर्जाचा हप्ता मात्र दुसऱ्या महिन्यापासून चालू. कांडपाचा एक रुपया येत नव्हता, म्हणून हप्ता आम्ही अकराजणींनी वाटून भरला. त्यासाठी दर महिन्याला प्रत्येकीला एक दिवस जास्तीचं खुरपायला जावं लागायचं.

त्या आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला, सांगू? त्या सुनेचा. ती काही बोलत नव्हती तरी. आणि होयबा? त्या मला म्हणाल्या, “आम्हाला काय माहीत, तुम्ही म्हणाल्या म्हणून आम्ही हो म्हणालो.” खरं होतं ते. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते. प्रश्न विचारणारीचं काय होतं, ते त्यांनी त्या दिवशी बघितलंच होतं. एकीला हसलो की बाकीच्या नऊजणींना होयबा करून ठेवतो, ते असं. आणि ती सूनही हळूहळू फुगून बसणारी व्हायला लागली होती. पाचवीची तिसरी व्हायला एक बैठक पुरते, बरं का.

आता आपल्या जिल्ह्यातलंच एक मोठं उदाहरण घेऊ. जालना तालुक्यातलं कडवंची तुम्हाला माहीत आहे. तिथं १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात काम सुरू झालं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र सोबत होतं, विजयअण्णा बोराडे यांचं मार्गदर्शन होतं. पुढं २०१२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात प्यायला टँकर लागत होते, तेव्हा तिथल्या द्राक्षबागा उभ्या होत्या. बातम्यांत अण्णांचं नाव येतं, ते यायलाच पाहिजे. पण पाणलोटाचं काम कसं असतं ते बघा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती करायची. मधल्या एकानं ‘माझ्या रानात नको’ म्हटलं की काम तिथं तुटलं. वरचा शेतकरी हमखास विचारतो, माझी जमीन चरात जाणार आणि पाणी खालच्याच्या विहिरीला लागणार, मला काय मिळणार? हा प्रश्न अडवणुकीचा नाही, हिशेबाचा आहे. त्याचं उत्तर दिलं की तोच माणूस बांध राखतो. नाही दिलं की मान हलवतो आणि पुढच्या वर्षी नांगर बांधावर घालतो.

त्या कार्यक्रमात श्रमदान होतं, कुऱ्हाडबंदी होती, चराईबंदी होती. चराईबंदी म्हणजे कागदावर एक ओळ. पण शेळ्या कुणाकडं असतात? आपल्याकडं. भरदुपारी माळावर कुणी बघत नसताना शेळी चरात सोडायची नाही, हे पुढारी येऊन करू शकत नाही. ते मागं चालणारीलाच करावं लागतं, आणि नियम तिला आतून पटलेला असला तरच ती करते. होयबा असेल तर ती साहेब असेपर्यंतच शेळी बांधून ठेवते.

तर आमच्या गटात नंतर आम्ही काय बदललं ते सांगते. घ्यायचं तर घ्या.

ठराव मांडणारी आधी बोलत नाही. मी अध्यक्ष असताना माझं मत मी शेवटी सांगायला लागले. सुरुवातीला फार जड गेलं, जीभ वळवळायची. पण अध्यक्षच आधी बोलली की बैठक संपलीच समजा. मोठा खर्च असला की त्याच बैठकीत ठराव घेत नाही, पुढच्या बैठकीत घेतो, आणि मधल्या दिवसांत दोघींनी चौकशी करून यायचं. त्या दोघींत एक पदावर नसलेली हवीच. पासबुक दर महिन्याला मोठ्यानं वाचतो आणि वाचणारी दर वेळी बदलते. जिला वाचता येत नाही तिच्या शेजारी शाळेतली पोर बसते. एकदा अशाच पोरीनं दोनशे रुपयांची चूक काढली.

आणि सतरंजीवरच्या बायांनो, तुमच्यासाठीही आहे. पाणंदीत बोलायचं ते बैठकीत बोला. बोलता येत नसेल तर शेजारणीला सांगा, ती विचारील. आणि एकदा चर्चा होऊन ठरलं, की मग ‘मी तेव्हाच म्हणत होते’ म्हणत बाजूला बसू नका. माझ्या गटातली ती सून मशीन बंद असताना हप्ता भरत राहिली. शेवटी कनेक्शनच्या अर्जासाठी माझ्याबरोबर तीन चकरा तिनंच मारल्या. तिला आम्ही सचिव व्हायला सांगितलं तर नको म्हणाली. “मी हितूनच बरी, हितून समदं दिसतं.”

हे भाषण लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, “अक्का, बंद मशीनचे पैसे किती गेले ते कामून लिहिलं नाही?”

लिहिते. महिन्याला २,२०० रुपये हप्ता, आठ महिने. १७,६०० रुपये. प्रत्येकीचे १,६००.